मंडळीचे सभासदत्व सोडले, ख्रिस्ताला सोडलेले नाही

निशिगंध

सर्वांना जय ख्रिस्त.

हा विषय इथे, या चर्चामंचावर, मांडावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आपला समाज लहान आहे. चार ओळी वाचून कोण लिहिते आहे हे ओळखणारेही असतात. म्हणून गावाचे आणि मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, नाव मी देत नाही, आणि कोणी अंदाजाने ते इथे लिहू नये, अशी विनंती आहे.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मिशनच्या काळापासून आमचे घराणे ख्रिस्ती आहे. आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली, वडिलांनी मिशनच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले, आणि १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा आमची मंडळीही त्यात आली. माझा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) आणि लग्न ही तिन्ही एकाच वेदीपुढे झाली.

सात वर्षांपूर्वी वडील ख्रिस्तवासी झाले. त्याआधी चार वर्षे ते अंथरुणाला खिळून होते आणि त्या काळात मंडळीची वर्गणी भरायची राहून गेली. सकाळी नऊच्या सुमारास भाऊ दफनाची चिठ्ठी आणायला गेला. कमिटीत त्या वेळी दोन गट होते आणि हिशेबाची वही ज्यांच्या ताब्यात, त्यांचाच शब्द चालत असे. खजिनदारांनी व्हरांड्यात टेबल ओढून घेतले, वही उघडली, वडिलांच्या नावापुढची बाकी बोटाने दाखवली आणि ती भरल्याखेरीज चिठ्ठीवर सही होणार नाही असे सांगितले. भावाने शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेतले आणि बाकी भरली. निळ्या कार्बनची ती पावती त्याने घरी आल्यावर वडिलांच्या बायबलात ठेवली, ती आजही योहानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. तिच्यावर वडिलांचे आडनाव चुकीचे लिहिलेले आहे. ज्या माणसाने त्या गावातल्या दोन पिढ्यांना शुद्धलेखन शिकवले, त्याचे आडनाव.

पाळकसाहेबांनी कबरीपाशी फार चांगली प्रार्थना केली, हेही मला सांगितले पाहिजे. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण वर्षभराने मी पत्र लिहून सभासदत्व सोडले. गेली सहा वर्षे रविवारी संध्याकाळी आई, मी आणि माझी मुलगी घरीच बसतो. आई पेटी वाजवते, आम्ही ‘उपासना संगीता’तली दोन-तीन गीते म्हणतो, त्यांत ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक तरी असतेच. एक अध्याय वाचतो आणि प्रार्थना करतो. माझा विश्वास कमी झालेला नाही. खरे तर वडिलांच्या मरणानंतर तो मला पहिल्यांदाच स्वतःचा वाटू लागला.

अडचण आता उभी राहिली आहे. मुलगी १५ वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणी दृढीकरणाच्या वर्गाला नाव घालत आहेत. तिने मला विचारले, “आई, आपण कोणत्या मंडळीचे?” मी म्हटले, “ख्रिस्ताच्या.” ती म्हणाली, “फॉर्मवर तसे लिहिता येत नाही.”

मी स्वतःची समजूत टिळकांच्या उदाहरणावर घालत आले आहे. त्यांनीही १९१७ साली सारे सोडले आणि ते ख्रिस्ताचेच राहिले. ही समजूत बरोबर आहे का? जाणकारांनी स्पष्ट लिहावे.

जुनी वही

निशिगंधताई, पावतीविषयी वाचून फार वाईट वाटले. त्याबद्दल मी अधिक काही लिहीत नाही, कारण अशा वेळी शब्द कमीच पडतात. आपण प्रश्न टिळकांविषयी विचारला आहे आणि त्याचे उत्तर नेमके द्यायला हवे.

टिळकांनी १९१७ साली जे सोडले ते चर्च नव्हते. त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. हा फरक आज किरकोळ वाटेल, पण त्या काळी सगळे त्यावरच अवलंबून होते. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची वीसहून अधिक वर्षे ते मिशनच्या कामात होते: अहमदनगरला शिकवणे, कीर्तने, पदे, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाचे घर मिशनच्या आवारात असे, मुले मिशनच्या शाळेत जात, पगार मिशनकडून येई आणि उपासनाही तिथेच होई. ज्याच्या हाती पगार, त्याच्याच हाती धर्मही, अशी ती रचना होती. आपल्या लोकांनी ख्रिस्ताकडे पाहताना मध्ये गोऱ्या साहेबाचा पगार दिसू नये, ही टिळकांची तळमळ होती. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेल्या माणसाला ती वाटणे साहजिक होते.

मग त्यांनी काय केले? ते घरी बसले नाहीत. त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही होती. अट एकच, ख्रिस्ताचे शिष्य होण्याची. चर्चला पर्याय म्हणून आणखी एक पंथ काढण्याचा त्यांचा हेतू नव्हता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि दरबाराचे रोपटे मूळ धरण्याआधीच माळी गेला. म्हणून टिळकांचा दाखला द्यायचा असेल तर तो पुरता द्यावा. एक आवार सोडून त्यांनी दुसरे अंगण शोधले, आणि त्या अंगणात घरच्या माणसांपलीकडचे लोकही होते.

आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे उदाहरण मला पंडिता रमाबाईंचे वाटते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन चर्चमध्ये. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे मत, त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता आणि ते सांगणारा अथनेशियसचा मतांगीकार (चर्चचे जुने श्रद्धावचन) त्यांना मान्य नव्हता. एका धर्मशास्त्राच्या पंडितांचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्या धर्माच्या पंडितांचे घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा रोख होता. ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद मी आहे, पण बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले. पुढे त्यांचे विचार बदलले, येशूविषयीची श्रद्धा फार खोल गेली, आणि तरीही केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणा एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. मात्र तिथेही नजरेआड करू नये असे एक आहे: दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा रोज एकत्र प्रार्थनेला बसत. रमाबाई पंथाबाहेर राहिल्या, पण एकट्या राहिल्या नाहीत.

देवळाची घंटा

मी गेली २२ वर्षे एका मंडळीच्या कमिटीवर आहे. त्यामुळे माझे लिहिणे ताईंना कठोर वाटले तर आधीच क्षमा मागतो.

त्या सकाळी जे झाले ते पाप होते, त्याला दुसरा शब्द नाही. मयताच्या घरच्यांकडे बाकी मागायची नसते. मी स्वतः कमिटीत भांडून, दफनाच्या दिवशी वर्गणीचा विषय काढायचा नाही, असा ठराव करून घेतला आणि तो मिनिट बुकात लिहून घेतला. त्याला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत ज्यांची मते मला हवी होती, ती माणसे एकेक करून मंडळी सोडून गेली. शिकलेली, प्रामाणिक, हिशेब विचारणारी माणसे. ती गेली म्हणून वही कोणाच्या ताब्यात राहिली, याचा त्यांनी विचार केला का?

मंडळी म्हणजे काही केवळ कमिटी नव्हे. आमच्याकडे एक आजी आहेत, त्यांचे कोणी नाही. रविवारी त्या आल्या नाहीत तर उपासना संपल्यावर दोघी बायका त्यांच्या घरी जातात, हा नियम कोणी केलेला नाही. मिशनच्या जागांवरून कोर्टात आणि धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षे खेटे घालणारी माणसे सगळ्यांना दिसतात, या दोघी कोणाला दिसत नाहीत. ताई, आपण गेलात तेव्हा खजिनदारांचे काही बिघडले नाही. त्या दोघींसारख्या बायकांची मात्र एक सोबतीण कमी झाली.

कुपारी

मी वसईचा, कॅथलिक. आमची चौकट वेगळी असल्यामुळे सल्ला देत नाही, फक्त आमचे म्हणणे मांडतो.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आम्हाला बंधनकारक आहे, हे सर्वांना माहीत असते. ते का, हे कमी जणांना माहीत असते. आमच्या समजुतीने ख्रिस्त मनात असतो तसाच तो भाकरीतही असतो, आणि ती भाकर स्वतःच्या घरी स्वतःच्या हाताने घेता येत नाही. ती दुसऱ्याने द्यावी लागते. माझी आई दोन वर्षे अंथरुणावर होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन, म्हणजे ती भाकर, घेऊन येत. त्याआधी आई बहिणीकडून केस विंचरून घेई आणि उशाशी पांढरा रुमाल आंथरायला लावी. तिच्यासाठी ते सारे गावच खोलीत येण्यासारखे होते. आमच्या फादरांशीही माझे मतभेद आहेत, पॅरिशच्या कारभाराविषयी तर बरेच आहेत. पण तो रुमाल मला विसरता येत नाही. निशिगंधताई, घरच्या उपासनेत प्रभुभोजनाचे, म्हणजे तुमच्याकडच्या याच भाकरीच्या विधीचे, काय करता, हे विचारले तर चालेल का?

निशिगंध

कुपारीदादा, चालेल. सहा वर्षांत आम्ही प्रभुभोजन घेतलेले नाही. आई त्याविषयी बोलत नाही, पण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ती दिवसभर गप्प असते. हे मी मूळ लेखात लिहायचे टाळले होते.

घंटादादा, आपले म्हणणे लागले, पण खोटे वाटले नाही.

विधिज्ञ

भावनेच्या प्रश्नात कायदा आणू नये असे काहींना वाटेल. परंतु अनेक जण केवळ मुलांच्या लग्नाच्या आणि स्वतःच्या कबरीच्या भीतीने मंडळीत राहतात, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो.

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे. त्यात ख्रिस्ती कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे आणि ती ‘ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती’ एवढीच आहे. मंडळीच्या यादीत नाव असले पाहिजे असे ती म्हणत नाही. याच कायद्याखाली पाळकाखेरीज विवाह निबंधकासमोरही लग्न होऊ शकते, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा तर सर्वांनाच खुला आहे. दफनाचे मात्र ठिकाणानुसार बदलते. जागा महापालिकेची आहे की मंडळीच्या ट्रस्टची, यावर परवानगी कोणाची हे ठरते. ही चौकशी घरात कोणी आजारी नसताना करून ठेवावी.

पण पाळकसाहेबांनी आपल्याच वेदीपुढे लग्न लावावे, असे वाटत असेल तर त्या मंडळीचे नियम पाळावे लागतील. त्याला मी अन्याय म्हणणार नाही.

गोदाकाठ

मी मराठवाड्यातून लिहितो. या चर्चेत आमच्यासारख्यांची बाजू आलेली नाही, म्हणून लिहिणे भाग आहे.

आपण नाव काढण्याविषयी बोलत आहात. आमच्या भागात कित्येक घरे अशी आहेत की ज्यांना नाव घालताच आलेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे महार किंवा मांग समाजातला मुलगा ख्रिस्ताचा झाला की त्याची जात गावाच्या लेखी तशीच राहते आणि सरकारच्या लेखी मात्र जाते. मग माणसे काय करतात? बाप्तिस्मा पुढे ढकलतात. माझ्या चुलत्यांनी ४० वर्षे गुरुवारची घरगुती प्रार्थनासभा चालवली. ओसरीवर सतरंजी, एक कंदील, पुढे एक बल्ब, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोंडपाठ केलेली स्तोत्रे. कोणत्याही मंडळीच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. ते ख्रिस्ती नव्हते असे त्यांच्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य एकाही पाळकाला झाले नाही.

पण त्यांनी आयुष्यभर हे दुःख म्हणूनच बाळगले, मोकळीक म्हणून नाही. ज्यांना दार उघडे आहे ते बाहेर जातात, तेव्हा आमच्या मनात काय येते, हे कोणी तरी सांगायला हवे होते.

आडवाट

मी नोकरीनिमित्त तोक्योत राहतो. इथे आल्यावर मला ‘मुक्योकाई’ या जपानी ख्रिस्ती चळवळीची माहिती झाली, आणि ती या धाग्याला धरून आहे असे वाटते. मुक्योकाई म्हणजे ‘चर्च नसणे’. उचिमुरा कान्झो हे त्याचे प्रवर्तक. १९०१ साली त्यांनी याच नावाचे मासिक काढले आणि त्यात शब्दाचा अर्थ खुलासेवार दिला: चर्च नको असे आमचे म्हणणे नाही, ज्यांना चर्च नाही त्यांच्यासाठी हे चर्च आहे. आईबाप नसलेली मुले असतात तसे मंडळी नसलेले जीवही असतात, त्यांचे हे घर. छत आकाशाचे आणि जमीन हिरव्या कुरणाची.

टिळकांप्रमाणेच उचिमुरांचाही प्रश्न परदेशी मिशनच्या पैशाचा आणि अधिकाराचा होता, हे जुन्या वहींचे लिखाण वाचताना जाणवले. मुक्योकाईत दीक्षित पाळक नाहीत, विधी नाहीत; एका शिक्षकाभोवती बायबलचा अभ्यास करणारी माणसे आहेत. महायुद्धानंतर तोक्यो विद्यापीठाचे लागोपाठचे दोन कुलगुरू, नानबारा शिगेरु आणि यानाइहारा तादाओ, याच परंपरेतले. म्हणजे हे काही कोपऱ्यातले फुटकळ प्रकरण नव्हते.

तरीही त्यातला कच्चा दुवा मला इथेच कळला. सगळे शिक्षकावर उभे असते. शिक्षक गेला की वर्ग मोडतो, कारण तो पुढे कोणाकडे सोपवायचा याची काहीच रीत नसते. ज्या यादीला, वहीला आणि कमिटीला आपण कंटाळतो, त्यांच्यामुळे निदान पुढच्या पिढीला दार कुठे आहे हे कळते. ताई, आपल्या घरच्या उपासनेत पेटी कोण वाजवते? आईनंतर कोण?

जुनी वही

आडवाट यांच्या शेवटच्या प्रश्नाला जोडून एकच आठवण देतो. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षे घेतली. त्या रडल्या, भांडल्या, माहेरी राहिल्या, सोवळे पाळले, मग हळूहळू ते सुटत गेले आणि त्यांनी स्वतःच्या वेळी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या निर्णयाच्या जोरावर बायकोचा निर्णय झाला नाही. आईच्या राजीनाम्याच्या जोरावर मुलीचाही होऊ नये, असे मला वाटते.

निशिगंध

सर्वांचे आभार. तीन आठवडे लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे काही ठरत नव्हते.

टिळकांच्या आडोशाला मी उभी होते, तो आडोसा जुन्या वहींनी काढून घेतला, ते बरे झाले. गोदाकाठ यांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. सतरंजी आणि कंदील ऐकल्यावर ती म्हणाली, तिच्या माहेरीही असेच बसायचे, आणि ओसरीवर शेजारपाजारचे लोक यायचे. मग तिने विचारले, “आपल्याकडे कोणी का येत नाही?” याचे उत्तर मला सोपे नव्हते. मी कोणाला बोलावलेच नव्हते. सहा वर्षे मी दार लावून देवाची उपासना केली, कारण दार उघडले की पुन्हा माणसे येतील, आणि माणसे आली की वही येईल, अशी माझी भीती होती.

सभासदत्वाचे पत्र मी परत घेतलेले नाही आणि सध्या घेणारही नाही. ती पावती बायबलात आहे तोवर मला ते जमणार नाही, आणि ती काढायला भाऊ तयार नाही. परंतु आमच्याच इमारतीत सोलापूरकडचे एक वयस्कर ख्रिस्ती जोडपे राहते. त्यांना मागच्या रविवारी बोलावले. आजोबांना ‘उपासना संगीता’तली गीते चालींसह पाठ आहेत, आणि त्यांच्या चाली आमच्यापेक्षा वेगळ्या निघाल्या. एका गीतावर आई आणि ते अर्धा तास अडून बसले होते.

मुलीने इथल्या, पुण्यातल्या मंडळीच्या दृढीकरणाच्या वर्गाला स्वतः नाव दिले. फॉर्मवर पालकांची मंडळी हा रकाना तिने कोरा ठेवला होता. पाळकसाहेबांनी त्याविषयी विचारले का, असे मी तिला विचारले. त्यांनी फक्त आजीचे गाव विचारले, असे ती म्हणाली. पहिल्या वर्गाला मी तिला सोडायला गेले आणि तासभर फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले. आतून गाण्याचा आवाज येत होता, गीत ओळखीचे होते आणि चाल आमचीच होती. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे आहे. आईला सोबत यायचे आहे, आणि तिला तासभर स्कूटरवर बसवता येणार नाही.